केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ अपेक्षेला उतरला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या ‘जीएनएक्स’ या अल्बमविषयी मराठी श्रोत्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे निव्वळ माहितीची आहेत, तर काहींमध्ये लेखकाचे मत आहे. ते मत पटलेच पाहिजे असा आग्रह नाही. मात्र ते अल्बम अनेकदा ऐकून बनलेले आहे.

हा अल्बम केव्हा आणि कसा प्रसिद्ध झाला?

‘जीएनएक्स’ २२ नोव्हेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी, कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला. आधी सुमारे एक मिनिटाची एक चित्रफीत आली आणि त्यानंतर थोड्याच वेळात बारा गाण्यांचा पूर्ण अल्बम ऐकण्यासाठी उपलब्ध झाला. भारतात तेव्हा रात्र झाली होती, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ चाहत्यांना ही बातमी शनिवारी सकाळीच कळली. हा लमारचा सहावा स्टुडिओ अल्बम असून एकूण लांबी जेमतेम चव्वेचाळीस मिनिटांची, म्हणजे त्याच्या सर्व स्टुडिओ अल्बममध्ये सर्वांत कमी आहे. ‘टॉप डॉग एंटरटेनमेंट’ या ज्या कंपनीच्या छत्राखाली तो घडला, तिच्यातून बाहेर पडल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच अल्बम आहे. तो त्याच्या स्वतःच्या ‘पीजीलँग’ या संस्थेमार्फत निघाला.

इतकी मोठी अपेक्षा कशामुळे निर्माण झाली होती?

याची दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढणारी आहेत.

पहिले कारण म्हणजे लमारचा लौकिक. ‘गुड किड, मॅड सिटी’ (२०१२), ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) आणि ‘डॅम’ (२०१७) या अल्बममधून त्याने प्रत्येक वेळी एक संपूर्ण, विचारपूर्वक बांधलेली कथा मांडली. ‘डॅम’ला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, शास्त्रीय आणि जॅझ संगीताच्या बाहेरच्या कलाकृतीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर पाच वर्षे थांबवून आलेला ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’ (२०२२) हा कुटुंबातील जखमा आणि मानसोपचार यांविषयीचा, ऐकायला जड जाणारा दुहेरी अल्बम होता. त्यात लमारने ‘मी तुमचा तारणहार नाही’ असे श्रोत्यांना बजावूनच सांगितले होते. त्यामुळे पुढचा अल्बम तितकाच खोल आणि वैचारिक असेल, अशी एका गटाची खात्री होती.

दुसरे कारण म्हणजे २०२४ च्या वसंतातले भांडण. मार्च महिन्यात रॅपर फ्यूचर आणि संगीत निर्माता मेट्रो बूमिन यांच्या ‘लाइक दॅट’ या गाण्यात लमारने ड्रेक या कॅनडाच्या लोकप्रिय रॅपरला डिवचले आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांवर गाण्यांमागून गाणी सोडली. त्यांतली निम्म्याहून अधिक गाणी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात आली. ४ मे रोजी आलेल्या लमारच्या ‘नॉट लाइक अस’ने हा सामना लोकमताच्या पातळीवर संपवला. १९ जून रोजी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडच्या किया फोरममध्ये झालेल्या कार्यक्रमात लमारने ते गाणे सलग पाच वेळा म्हटले आणि एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणाऱ्या टोळ्यांतली माणसे एका मंचावर आणली. हे पाहिलेल्या दुसऱ्या गटाला विजयाची मिरवणूक हवी होती. चिंतन हवे असलेले आणि गुलाल हवा असलेले असे दोन्ही गट एकाच अल्बमकडे डोळे लावून बसले होते, आणि त्या दोघांचेही समाधान एका अल्बमने होणे अवघडच होते.

‘नॉट लाइक अस’ या अल्बममध्ये नाही, हे खरे आहे का?

होय, आणि त्या भांडणातले दुसरे कोणतेही गाणेही यात नाही. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय चमत्कारिक वाटेल, कारण त्या गाण्याची लोकप्रियता ओसरलेली नव्हती. फेब्रुवारी २०२५ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रण आणि सर्वोत्तम गीत यांसह पाच पुरस्कार मिळाले. माझ्या मते ते वगळणे योग्यच होते. ते गाणे आत असते, तर उरलेली अकरा-बारा गाणी त्याच्या पुढची-मागची भरती ठरली असती. त्या गाण्यावरून ड्रेकने २०२५ मध्ये ते गाणे वितरित करणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीविरुद्ध बदनामीचा दावा केला होता, तो न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेटाळला.

अल्बमच्या नावाचा अर्थ काय?

जीएनएक्स हे ब्यूइक कंपनीच्या एका मोटारीचे नाव आहे. ‘ग्रँड नॅशनल’ या मॉडेलची ही खास आवृत्ती कंपनीने केवळ १९८७ या एका वर्षी काढली आणि तिच्या अवघ्या ५४७ गाड्या तयार झाल्या. नखशिखान्त काळी, बाहेरून चौकोनी आणि साधी दिसणारी, परंतु टर्बो लावलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनामुळे भल्याभल्या स्पोर्ट्स कारला मागे टाकणारी अशी तिची ख्याती होती. १९८७ हे लमारचे जन्मवर्षही आहे. मुखपृष्ठावरच्या कृष्णधवल छायाचित्रात तो याच गाडीजवळ दिसतो. अल्बमचा घाटही तसाच, म्हणजे आटोपशीर, काळा आणि पहिल्या गाण्यापासून वेग घेणारा आहे.

सुरुवातीला स्पॅनिशमध्ये गाणारी स्त्री कोण आहे?

ती डेयरा बारेरा आहे. ती मारियाची या मेक्सिकन परंपरेतली गायिका असून तिचा आवाज पहिल्या, सहाव्या आणि शेवटच्या गाण्यात येतो. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा लाडका मेक्सिकन गोलंदाज फर्नांडो व्हॅलेन्झुएला २२ ऑक्टोबर २०२४ रोजी वारला. तीनच दिवसांनी डॉजर स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना झाला, तेव्हा बारेराने मैदानावर त्याला गाण्यातून श्रद्धांजली वाहिली. लमारने तिचे ते गाणे ऐकले आणि तिला बोलावून घेतले. पुढे महिना पूर्ण होण्याच्या आत अल्बम बाहेर आला होता.

ही केवळ मनोरंजक माहिती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ‘तुझे अस्तित्व मला येथे जाणवते आहे’ अशा अर्थाच्या तिच्या आर्त ओळींनी अल्बम उघडतो आणि त्या विरण्याआधीच लमारचा दबका, धुमसता आवाज सुरू होतो. ज्या शहरात निम्मी वस्ती लॅटिन वंशाची आहे, त्या शहराबद्दलचा अल्बम स्पॅनिश सुराने उघडतो. अल्बम कोणासाठी आणि कोठून बोलतो आहे, हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच ठरून जाते.

मग स्पष्ट सांगा: अपेक्षा पूर्ण झाली की नाही?

‘बटरफ्लाय’सारखा सबंध काळाला कवेत घेणारा अल्बम हवा असेल, तर नाही. ‘जीएनएक्स’ तसा प्रयत्नच करत नाही. हा एका शहराचा, किंबहुना शहराच्या दक्षिण भागाचा अल्बम आहे. त्याचे ठेके, त्यातले पाहुणे, शिव्या, गल्ल्या, शाळा आणि जुनी सॅम्पल (म्हणजे जुन्या गाण्यांतून उचललेले तुकडे) हे सर्व लॉस एंजेलिसच्या मातीतले आहे. जगभर कीर्ती झाल्यावर बहुतेक कलावंत अधिकाधिक सर्वसामान्य, कोठेही चालेल असे लिहू लागतात. लमारने कीर्तीच्या ऐन शिखरावर नेमके उलटे केले आणि आपल्या मोहल्ल्याच्या बाहेर अर्थ लागणार नाही अशा तपशिलांनी अल्बम भरला. या मापाने पाहिले, तर पहिली सात गाणी जवळजवळ निर्दोष आहेत आणि नंतरच्या पाचांपैकी दोनच त्या उंचीला पोहोचतात.

म्हणून माझे उत्तर असे की, हा लमारचा सर्वोत्तम अल्बम नाही, परंतु त्याच्याकडून त्या क्षणी जे येणे खऱ्या अर्थाने आवश्यक होते, ते या अल्बमने दिले. अपेक्षाभंग झाल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण त्याने न दिलेल्या वचनाचा हिशेब मागत आहेत, असे मला वाटते.

सर्वांत चांगले गाणे कोणते?

‘रीइन्कार्नेटेड’, आणि याबाबत माझ्या मनात संदेह नाही.

गाण्याचा पाया दिवंगत रॅपर टुपाक शकूरच्या एका जुन्या गाण्याच्या सॅम्पलवर उभा आहे, आणि लमार शब्द फेकण्याची, ओळीच्या शेवटी आवाज ओढण्याची लकबही टुपाकची घेतो. विषय पुनर्जन्माचा आहे. पहिल्या कडव्यात तो १९४७ च्या मिशिगनमधला गिटारवादक आहे. बापाने घरातून हाकललेला हा मनुष्य पुढे पैसा आणि मान मिळवतो आणि हावरटपणातच संपतो. दुसऱ्या कडव्यात तो कृष्णवर्णीयांच्या जुन्या नाट्यगृहांच्या फेऱ्यांमधून गाणारी एक स्त्री आहे, जिचा अंत अमली पदार्थांच्या सुईने होतो. श्रोत्यांनी या दोघांमध्ये ब्लूज गिटारवादक जॉन ली हूकर आणि जॅझ गायिका बिली हॉलिडे यांची छाया पाहिली आहे, परंतु गाण्यात ही नावे येत नाहीत आणि न येण्यातच त्याची ताकद आहे.

तिसऱ्या कडव्यात तो स्वतः केंड्रिक आहे आणि बापाशी बोलतो आहे. ऐकता ऐकता लक्षात येते की हा बाप म्हणजे देव आहे आणि मुलगा म्हणजे स्वर्गातून हाकलला गेलेला, संगीताची देणगी मिळालेला देवदूत, म्हणजेच सैतान. मुलगा सांगतो की मी वस्तीत शांतता आणली, टोळ्यांना एकत्र केले. बाप विचारतो की तुला युद्ध इतके का आवडते? दोन्ही बाजूंचे संवाद एकाच आवाजात, श्वास न घेता येतात, आणि काही महिन्यांपूर्वीच देशभर गाजलेले भांडण जिंकलेला मनुष्य स्वतःचीच उलटतपासणी घेतो आहे, हे ध्यानात येते. चिंतन हवे असणाऱ्यांना त्यांचे चिंतन येथे मिळते. ते गुलालाखाली दडलेले आहे एवढेच.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. एप्रिल २०२४ मध्ये ड्रेकने एका गाण्यात टुपाकचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवून वापरला होता आणि टुपाकच्या वारसांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर ते गाणे मागे घेतले होते. त्या पार्श्वभूमीवर लमारने सात महिन्यांनी खऱ्या ध्वनिमुद्रणाचा आधार घेऊन टुपाकच्या शैलीत गावे, हे उत्तर कोणत्याही शिवीपेक्षा झोंबणारे आहे.

कमकुवत भाग कोणता?

उत्तरार्धाचा मधला भाग. ‘डॉजर ब्लू’ सुरू होते आणि रंगायच्या आत, दोन मिनिटांच्या आसपास, संपते. ‘पीकाबू’चा ठेका पकडणारा आहे, परंतु तीनदा ऐकल्यावर त्यात नवे काही सापडत नाही. अल्बमच्याच नावाचे अकरावे गाणे हिट्टा जे-थ्री, यंगथ्रेट आणि पेसो या स्थानिक रॅपरांच्या हवाली केले आहे. ही कल्पना मनाने मोठी असली, तरी तिन्ही कडवी एकसारखी वाटतात.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. वस्तीतल्या अनोळखी मुलांना जगाच्या कानावर घालणे हा या अल्बमचा सर्वांत उमदा हेतू आहे, परंतु त्यांतल्या काहींना पुरेशी जागाच दिलेली नाही. ‘टीव्ही ऑफ’मध्ये लेफ्टी गनप्लेच्या वाट्याला शेवटी तेच चार शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे येते. रॉडी रिचसारखा नामवंत गायक ‘डॉजर ब्लू’मध्ये आहे हे श्रेयनामावली वाचल्याशिवाय कळतही नाही. ‘हे नाऊ’मधला डोडी-सिक्स मात्र अपवाद आहे, लमारशी त्याची शब्दांची देवघेव ऐकताना दोघे खरोखर एका खोलीत असल्यासारखे वाटते. पाहुण्यांचा असा वापर आणखी दोन गाण्यांत झाला असता, तर उत्तरार्धाविषयी तक्रारीला जागा राहिली नसती.

‘टीव्ही ऑफ’मधल्या त्या आरोळीचे काय प्रकरण आहे?

गाण्याच्या मध्यावर ठेका अचानक बदलतो आणि लमार निर्मात्याचे नाव घशाच्या शिरा ताणून ओरडतो: ‘मस्टर्ड!’ मस्टर्ड हा लॉस एंजेलिसचाच संगीत निर्माता असून ‘नॉट लाइक अस’चे संगीतही त्याचेच होते. ती आरोळी दोन-तीन दिवसांत इंटरनेटवर सर्वत्र पसरली आणि तिची नक्कल करणाऱ्या चित्रफितींचे पीक आले. गंमत बाजूला ठेवली, तर त्या जोडावरची कारागिरी पाहण्यासारखी आहे. पूर्वार्धात ताणत नेलेला ठेका तुटतो, क्षणभर पोकळी राहते आणि तिच्यात ही आरोळी पडल्यावर तुताऱ्यांसारखे जड सूर कोसळतात. गर्दीने एकत्र ओरडावे यासाठीच ती जागा बनवलेली आहे.

‘ल्यूथर’ या अल्बममध्ये परके वाटत नाही का?

थोडेसे वाटते, आणि ते बरे वाटते. सिझा या गायिकेसोबतचे हे संथ प्रेमगीत ल्यूथर वँड्रॉस आणि शेरिल लिन यांनी १९८२ मध्ये गायिलेल्या एका द्वंद्वगीतावर बेतलेले आहे, आणि ते द्वंद्वगीतही मुळात मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांचे होते. सिझा ही लमारची जुन्या कंपनीतली सहकारी आहे, त्यामुळे दोघांचे आवाज एकमेकांना सरावलेले आहेत. २०२५ मध्ये हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ज्यांना रॅप मुळीच आवडत नाही, त्यांच्याही तोंडी ते बसले. दोन आक्रमक गाण्यांनंतर येणारा हा विसावा नसता, तर अल्बमचा पूर्वार्ध एकसुरी झाला असता.

लिल वेन आणि सुपर बोल यांचा उल्लेख कशाबद्दल आहे?

सुपर बोल ही अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत असते आणि तिच्या मध्यंतरातला संगीताचा कार्यक्रम हा तिकडच्या कलावंतासाठी सर्वोच्च मान समजला जातो. फेब्रुवारी २०२५ चा सामना न्यू ऑर्लीन्समध्ये होता. ते ज्येष्ठ रॅपर लिल वेनचे गाव असल्यामुळे हा मान त्याला मिळेल असे अनेकांना वाटत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये लमारचे नाव जाहीर झाले आणि वेनने आपण दुखावल्याचे जाहीरपणे सांगितले.

पहिल्या गाण्यात, ‘वॅक्ड आउट म्युरल्स’मध्ये, लमार याला थेट भिडतो. एकेकाळी आपण वेनचा ‘द कार्टर थ्री’ हा अल्बम अभिमानाने ऐकत असू आणि आता आपल्याच कष्टांनी त्याचा हिरमोड झाला, असे तो खंतावून सांगतो. या मानाबद्दल अभिनंदन फक्त रॅपर नॅसने केले, असेही तो म्हणतो. लॉस एंजेलिस परिसरातला ज्येष्ठ रॅपर स्नूप डॉग याने ड्रेकचे टुपाकच्या कृत्रिम आवाजाचे गाणे आपल्या खात्यावरून पुढे पाठवले, त्यावरही चिमटा आहे. शत्रूवर विजय मिळाल्यानंतर मित्र आणि गुरुजन दुरावल्याचा सल हा त्या गाण्याचा खरा विषय आहे, आणि विजयोत्सवाची सुरुवात कुणी अशी करत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम ९ फेब्रुवारी २०२५ रोजी झाला आणि तो अमेरिकेत सरासरी १३ कोटी ३५ लाख लोकांनी पाहिला. लमार तेव्हा ब्यूइक जीएनएक्स गाडीवर बसूनच मैदानावर अवतरला.

विक्रीचे आकडे काय सांगतात?

पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष विक्री आणि ऑनलाइन श्रवण एकत्र मोजून अमेरिकेत ३ लाख १९ हजार युनिट्स झाले आणि अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. ‘मिस्टर मोराल’चा आकडा २ लाख ९५ हजारांच्या आसपास होता, तर ‘डॅम’चा ६ लाख ३ हजार. अर्थात २०१७ मध्ये लोक अल्बम विकत घेत होते आणि २०२४ मध्ये कोणतीही जाहिरात झालेली नव्हती, हे लक्षात घेतल्याशिवाय ही तुलना करू नये. त्याच आठवड्यात एकेका गाण्याच्या यादीतले पहिले पाचही क्रमांक या अल्बमने पटकावले आणि ‘स्क्वॉबल अप’ सर्वांत वर होते. फेब्रुवारी २०२६ च्या ग्रॅमीमध्ये ‘जीएनएक्स’ सर्वोत्तम रॅप अल्बम ठरला. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मात्र प्वेर्तो रिकोच्या बॅड बनी या गायकाकडे गेला.

‘हार्ट पार्ट ६’ हे नाव ड्रेकच्या गाण्याचे नव्हते का?

बरोबर आहे. ‘द हार्ट’ ही लमारची २०१० पासून चालत आलेली गाण्यांची मालिका आहे आणि तिचा पाचवा भाग २०२२ मध्ये आला होता. मे २०२४ च्या भांडणात ड्रेकने खिजवण्यासाठी आपल्या गाण्याला सहाव्या भागाचे नाव देऊन टाकले. लमार ते नाव परत घेतो, परंतु ड्रेकविषयी अवाक्षर काढत नाही. त्याऐवजी तो ‘टॉप डॉग’च्या छोट्या स्टुडिओतले दिवस, जे रॉक आणि अॅब-सोल यांच्यासारखे सोबती आणि तेथे शिकलेली शिस्त यांच्याबद्दल सांगतो. लमारसह चौघांचा ‘ब्लॅक हिप्पी’ हा गट पुढे का गेला नाही, तर त्याला आपणच कारणीभूत आहोत, अशी कबुलीही देतो. ज्या कंपनीतून बाहेर पडला तिच्याविषयी इतके मोकळेपणाने आणि कडवटपणा न ठेवता बोलणारे गाणे रॅपमध्ये दुर्मीळ आहे. उत्तरार्धातल्या ज्या दोन गाण्यांचा मी वर उल्लेख केला, त्यांतले एक हे आणि दुसरे ‘ग्लोरिया’. त्यात तो एका स्त्रीशी असलेल्या वादळी नात्याची कहाणी सांगत राहतो आणि ती स्त्री म्हणजे त्याची लेखणी आहे, हे अगदी शेवटी उघड करतो.

इतकी आत्मस्तुती खटकत नाही का?

‘मॅन ॲट द गार्डन’मध्ये ती सर्वांत जास्त आहे. हे सारे माझ्या हक्काचे आहे, असे पालुपद ठेवून तो आपल्या तपाचा, दानधर्माचा आणि घरच्यांसाठी केलेल्या कष्टांचा पाढा वाचतो. सुरुवात कुजबुजीइतक्या हळू आवाजात होते आणि शेवटाकडे तो जवळजवळ दरडावू लागतो. मला हे गाणे बढाईपेक्षा असुरक्षिततेचे वाटते, कारण ज्याला आपल्या हक्काची खात्री असते, तो पुरावे मोजून दाखवत नाही. तरीही ज्यांना हा सूर असह्य होतो त्यांना मी चूक म्हणणार नाही. ‘मी तारणहार नाही’ असे दोन वर्षांपूर्वी सांगणाऱ्या मनुष्याने आता सर्वश्रेष्ठत्वाचा दाखला मागावा, ही विसंगती खरी आहे आणि अल्बम ती पूर्णपणे सोडवत नाही.

लॉस एंजेलिसची माहिती नसेल, तर अल्बम कळेल का?

ठेका कळेल, रागही कळेल. संदर्भ मात्र थोडे शोधावे लागतील. ‘डॉजर ब्लू’मध्ये तो सुनावतो की दहा क्रमांकाच्या महामार्गापलीकडे जे कधी गेले नाहीत, त्यांनी या शहराला नावे ठेवू नयेत. हा महामार्ग शहराला आडवा छेदतो आणि दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्या पर्यटकांच्या शहरापासून वेगळ्या पाडतो. एवढे ठाऊक असले की त्या ओळीतली धार लगेच जाणवते. डिव्हाइनच्या रॅपमधले अंधेरीचे जे. बी. नगर आणि नेझीच्या रॅपमधले कुर्ला ज्यांनी रस घेऊन ऐकले आहे, त्यांना वस्तीचे नाव छाती पुढे काढून घेण्याची ही रीत मुळीच अपरिचित वाटणार नाही.

भाषा फार शिवराळ आहे का? घरात लावता येईल का?

शिव्या भरपूर आहेत आणि वंशवाचक शब्दही आहेत, जे त्या समाजातल्या कलावंताच्या तोंडी वेगळ्या अर्थाने येतात. बहुतेक ऑनलाइन सेवांवर शिव्या गाळलेली आवृत्तीही मिळते. लहान मुले जवळ असतील, तर ‘ल्यूथर’पुरते थांबावे.

आजवर लमार ऐकलाच नसेल, तर याच अल्बमपासून सुरुवात करावी का?

हरकत नाही, कारण त्याच्या कामाच्या दारात इतका सहज प्रवेश दुसरा कोणता अल्बम देत नाही. आधी ‘ल्यूथर’ आणि ‘स्क्वॉबल अप’ ऐकावीत, मग गाण्याचे शब्द समोर ठेवून ‘रीइन्कार्नेटेड’ दोनदा ऐकावे. त्यानंतर ‘गुड किड, मॅड सिटी’कडे वळावे, कारण लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या लमारच्या गावातल्या एका मुलाच्या एका दिवसाची ती गोष्ट सलग ऐकली की ‘जीएनएक्स’मधली माणसे आणि रस्ते कोठून आले ते उमगते. ‘बटरफ्लाय’ सर्वांत शेवटी घ्यावा. त्याच्या जॅझला आणि गुंतागुंतीला निवांत वेळ द्यावा लागतो. घाईत ऐकल्यास तो नुसता गोंगाट वाटण्याची शक्यता आहे.

टीझरमध्ये ऐकलेले गाणे अल्बममध्ये सापडत नाही. ते कोठे आहे?

ते अल्बममध्ये नाहीच. प्रसिद्धीच्या दिवशी आलेल्या एक मिनिटाच्या चित्रफितीत जो तुकडा वाजतो, तो बारा गाण्यांपैकी एकाचाही नाही. त्यावरून लवकरच दुसरा भाग येणार अशी वदंता चाहत्यांमध्ये कित्येक आठवडे होती, पण तसा भाग आला नाही. सुपर बोलच्या कार्यक्रमाची सुरुवात लमारने नेमक्या त्याच तुकड्याने केली आणि तेव्हाही ते गाणे प्रसिद्ध झाले नाही. उलट ‘स्क्वॉबल अप’ची झलक त्याने चार महिने आधीच, जुलै २०२४ मध्ये, ‘नॉट लाइक अस’च्या व्हिडिओच्या आरंभी ऐकवली होती. त्यामुळे हा तुकडाही पुढेमागे बाहेर येईल अशी आशा काही जण बाळगून आहेत. तोवर ऐकायचा असेल, तर ती मूळ चित्रफीत आणि सुपर बोलचे चित्रीकरण या दोनच जागा आहेत.